शेजारच्या देशात विमानांचे सुटे भाग : मेक्सिकोच्या अनुभवाचा अभ्यास

बोइंग ७४७ या अवाढव्य विमानात सुमारे ६० लाख सुटे भाग असतात. त्यांपैकी जवळजवळ निम्मे भाग रिव्हेट, बोल्ट, नट अशा जोडकामाच्या वस्तू असतात. इतके भाग एका छपराखाली तयार करणे कोणत्याही कारखान्यास कधीच शक्य झालेले नाही. विमानावर नाव एका कंपनीचे असते. परंतु त्याचे पंख, दारे, इंजिने, चाकांची यंत्रणा, आसने आणि विजेच्या तारा ही शेकडो कारखान्यांची निर्मिती असते. हे कारखाने कोठे असावेत, हा प्रश्न म्हणूनच विमान उद्योगात आरंभापासून महत्त्वाचा ठरला आहे.

मोटारगाड्यांच्या आणि विमानांच्या कारखान्यांत एक मूलभूत फरक आहे. मोटारीचे एखादे प्रतिमान वर्षाला लाखोंच्या संख्येने निघते. त्यामुळे प्रत्येक कामासाठी स्वयंचलित यंत्र बसविणे परवडते. प्रवासी विमाने मात्र वर्षाला काही शेकडे आणि छोटी खाजगी जेट विमाने तर कित्येकदा काही डझनच तयार होतात. इतक्या अल्प संख्येसाठी यंत्रमानव उभे करण्याचा खर्च भरून निघत नाही. परिणामी पत्रा वाकविणे, रिव्हेट ठोकणे, तारांची जुडगी बांधणे, कार्बन तंतूंचे थर एकावर एक बसविणे अशी पुष्कळशी कामे आजही कुशल कामगारांच्या हातूनच होतात. जेथे हातकाम अधिक, तेथे मजुरीचा दर निर्णायक ठरतो, आणि अशी कामे कमी मजुरीच्या देशाकडे सरकू लागतात. अमेरिका व कॅनडातील विमान उद्योगाच्या बाबतीत हा देश प्रामुख्याने मेक्सिको होय. मेक्सिकोची विमानविषयक निर्यात २००४ मध्ये सुमारे १.३ अब्ज डॉलर होती. २०१९ पर्यंत ती साडेनऊ अब्ज डॉलरपलीकडे गेली. पंधरा वर्षांतील ही सातपट वाढ केवळ स्वस्त मजुरीने झाली असे समजणे मात्र अपुरे होईल.

दळणावळीचा उद्योग

या घडामोडीची मुळे विमान उद्योगाबाहेर, शेतीत आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शेतांवर माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये एक करार होऊन मेक्सिकोतील मजूर हंगामी कामासाठी अमेरिकेत जाऊ लागले. ही व्यवस्था १९६४ मध्ये संपुष्टात आली. परतलेल्या मजुरांमुळे सीमेवरील शहरांत बेकारी वाढली. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोच्या सरकारने १९६५ मध्ये सीमावर्ती औद्योगिकीकरणाची योजना आखली. परदेशी कंपनीने कच्चा माल व यंत्रे आयात शुल्क न भरता आणावीत, येथील कामगारांकडून जोडणी करून घ्यावी आणि तयार माल परत न्यावा, असे या योजनेचे स्वरूप होते.

अशा कारखान्यांना ‘माकिलादोरा’ हे नाव पडले. ‘माकिला’ या जुन्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ मोठा बोलका आहे. शेतकरी आपले धान्य गिरणीत दळून घेई आणि गिरणीवाला त्या मोबदल्यात पिठाचा ठराविक वाटा ठेवून घेई. त्या वाट्यास ‘माकिला’ म्हणत. आपल्याकडील दळणावळच ही. धान्य दुसऱ्याचे, पीठही दुसऱ्याचे. गिरणीवाल्याकडे राहते ती केवळ दळणावळ. मेक्सिकोच्या औद्योगिक धोरणावर गेल्या सहा दशकांत झालेली बहुतेक टीका या एका शब्दात सामावलेली आहे.

पुढे १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. २००६ मध्ये मेक्सिकोने निर्यातप्रधान कारखान्यांसंबंधीचे नियम एकत्र करून नवी योजना लागू केली. १ जुलै २०२० पासून मूळ त्रिपक्षीय कराराची जागा नव्या कराराने घेतली. करारांची नावे बदलली, तरी कच्चा माल आत आणताना आणि तयार भाग बाहेर पाठविताना शुल्काचा अडसर कमीतकमी राहावा, हे मूळ सूत्र कायम राहिले.

केरेतारोची निवड

मेक्सिको सिटीच्या वायव्येस सुमारे २०० किलोमीटरवर केरेतारो हे जुने शहर आहे. मेक्सिकोची आजची राज्यघटना १९१७ साली याच शहरात तयार झाली. कामाचे तास, किमान वेतन व संघटनेचा हक्क यांची हमी देणारे तिचे १२३ वे कलम त्या काळी जगातील अत्यंत पुरोगामी कलमांपैकी एक मानले जाई. कामगारांच्या हक्कांची सनद जेथे लिहिली गेली, त्याच शहराकडे पुढे कमी मजुरीच्या शोधात विमान कंपन्या वळल्या, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

विमान उद्योग येथे एकाएकी अवतरला असे नाही. विमानांच्या इंजिनांशी संबंधित एक स्पॅनिश मालकीचा कारखाना १९९८ पासून येथे काम करीत होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र १९९९ मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये शहराबाहेर नवा विमानतळ उघडला आणि त्याच्या धावपट्टीलगत कारखान्यांसाठी जागा उपलब्ध झाली. त्यानंतर २००५ मध्ये कॅनडाच्या बंबार्डिए कंपनीने केरेतारोत कारखाना काढण्याची घोषणा केली व २००६ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले.

कंपनीने आरंभी कोणते काम आणले हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात विजेच्या तारांची जुडगी बांधण्याचे काम आले. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. लाकडी फळीवर आराखडा चिकटवायचा, त्यावर खुंट्या ठोकायच्या आणि त्या मार्गाने एकेक तार ओढून, टोकांना जोड बसवून जुडगे बांधायचे. चूक झाली तर फळीवरच तपासून दुरुस्त करता येते. त्यानंतर विमानाच्या सांगाड्याचे लहान भाग आले, पुढे मोठे भाग आले आणि कालांतराने ग्लोबल ७५०० या लांब पल्ल्याच्या जेट विमानाचा मागील सांगाडा येथे तयार होऊ लागला. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा हा क्रम एखाद्या चांगल्या तंत्रशाळेच्या अभ्यासक्रमासारखा आहे.

तंत्रशाळेचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. कंपनीला आकर्षित करताना राज्य सरकारने करसवलतींइतकाच भर प्रशिक्षणावर दिला. २००७ मध्ये केरेतारो येथे केवळ विमान उद्योगासाठी एक विद्यापीठ स्थापन झाले. पुढे विमानतळाशेजारीच त्याचे आवार उभे राहिले. तेथे काही महिन्यांच्या तंत्रज्ञ वर्गापासून अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची सोय आहे आणि अभ्यासक्रम ठरविताना कारखान्यांची गरज विचारात घेतली जाते. करसवलत कोणतेही राज्य देऊ शकते व दुसरे राज्य त्याहून अधिक देऊ शकते. परंतु तयार फिटर व तंत्रज्ञांची अखंड फळी उभी करावयास वर्षे लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते केरेतारोच्या यशाचे सर्वांत मोठे कारण हे विद्यापीठच होय.

बंबार्डिएच्या मागोमाग इतर आले. एअरबस हेलिकॉप्टर्सचा कारखाना २०१३ मध्ये उघडला. फ्रान्सच्या साफ्रान समूहाने चाकांच्या यंत्रणेपासून इंजिनांच्या भागांपर्यंत अनेक कामे येथे आणली. २०१८ मध्ये लीप इंजिनाची पंख्याची पाती तयार करणारा कारखाना सुरू झाला. ही पाती कार्बन तंतू त्रिमितीत विणून व साच्यात राळ भरून तयार केली जातात, आणि त्यापूर्वी ती केवळ अमेरिकेतील व फ्रान्समधील कारखान्यांतच तयार होत. ज्या गावात बारा वर्षांपूर्वी तारा बांधण्याचे काम आले होते, तेथे आधुनिक इंजिनाचा हा अत्यंत नाजूक भाग तयार होऊ लागला.

केरेतारोखेरीज चिवावा, सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया ही राज्येही या उद्योगात पुढे आहेत. चिवावात हेलिकॉप्टरांचे सांगाडे व तारांची जुडगी तयार होतात. सोनोरातील ग्वायमास या बंदराच्या गावी इंजिनांच्या यंत्रकामाचे लहान कारखाने एकवटले आहेत. तेथील एक पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. छोट्या परदेशी कंपनीला अनोळखी देशात जागा, परवाने, कामगार भरती व सीमाशुल्काचे कागदपत्र हे सारे सांभाळणे जड जाते. म्हणून एक स्थानिक संस्था हा सर्व कायदेशीर भार आपल्या शिरावर घेते. परदेशी कंपनी फक्त यंत्रे आणते व उत्पादनावर देखरेख ठेवते. भाड्याच्या घरात बिऱ्हाड थाटावे तसे हे असते. पन्नास-साठ कामगारांचे कारखानेही यामुळे सीमा ओलांडू शकले.

बचतीचे गणित

मजुरी कमी म्हणजे वस्तू स्वस्त, हे समीकरण वरवर सरळ दिसते. ते तपासण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादा यंत्रावर कातून काढलेला भाग मूळ देशात १०० रुपयांना पडतो, असे समजा. त्यात धातू ४५ रुपयांचा, मजुरी २५ रुपये आणि यंत्रे, इमारत व व्यवस्थापन मिळून ३० रुपये. हाच भाग शेजारच्या देशात केला तर धातूची किंमत बदलत नाही, कारण विमानास लागणारा प्रमाणित धातू ठराविक पुरवठादारांकडूनच घ्यावा लागतो. मजुरी २५ वरून ८ रुपयांवर येते, इतर खर्च ३० वरून २६ वर येतो. परंतु वाहतूक व कागदपत्रांचे ३ रुपये आणि मूळ कंपनीच्या देखरेखीचे ४ रुपये वाढतात. बेरीज ८६ होते. मजुरी एक तृतीयांशाहून कमी झाली, तरी बचत मात्र १४ टक्केच.

आता तोच भाग समुद्रापलीकडील दूरच्या देशात करू. मजुरी आणखी कमी, ६ रुपये. इतर खर्च २५ रुपये. मात्र वाहतुकीला ५ रुपये, आठवडेच्या आठवडे जहाजावर व गोदामात अडकून पडणाऱ्या मालाच्या भांडवलावर ४ रुपये आणि लांबून ठेवावयाच्या देखरेखीवर ७ रुपये. एकूण ९२. सर्वांत स्वस्त मजुरीचा देश सर्वांत स्वस्त ठरत नाही.

तारांच्या जुडग्याचे गणित निराळे आहे. त्यात सामान ३० रुपयांचे, मजुरी ५० रुपयांची व इतर खर्च २० रुपयांचा धरला, तर शेजारच्या देशात मजुरी १६, इतर खर्च १८, वाहतूक ३ आणि देखरेख ४ धरून वस्तू ७१ रुपयांना पडते. बचत २९ टक्के. जुडग्यांचे काम सर्वांत आधी सीमापार का गेले, याचे उत्तर या आकड्यांत आहे. यातील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु कोणत्याही कारखानदाराला निर्णय घेताना याच रकान्यांत आपले आकडे भरावे लागतात.

अंतराचे मोल

देखरेख व वाहतूक यांसाठी वर धरलेले तीन-चार रुपये दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु शेजारच्या देशाचा खरा लाभ तेथेच दडलेला आहे. केरेतारोतून निघालेला ट्रक सुमारे ९०० ते १,००० किलोमीटरचा रस्ता कापून टेक्सासच्या सीमेवर पोहोचतो. ग्वायमास तर ॲरिझोनाच्या सीमेपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. विमानाच्या जुळणीत एखादा भाग कमी पडला तर संपूर्ण विमान अडून राहते. अशा वेळी भाग ट्रकमधून येणार की जहाजातून, यावर लाखो डॉलरचा प्रश्न अवलंबून असतो. घड्याळाची वेळही जवळजवळ सारखीच असल्याने माँट्रियलमधील अभियंता व केरेतारोतील पर्यवेक्षक एकाच कामाच्या दिवसात एकमेकांशी बोलू शकतात. प्रश्न सकाळी निघाला तर दुपारपर्यंत उत्तर मिळते, आणि उत्तर न मिळाल्यास अभियंता त्याच दिवशी विमानाने येऊन पोहोचतो.

याचे महत्त्व एअरबस ए-३८० च्या इतिहासावरून कळेल. या दुमजली विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. जर्मनीतील हॅम्बुर्ग व फ्रान्समधील तुलूझ येथील अभियंते आराखड्यासाठी एकाच संगणक-प्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. हॅम्बुर्गहून आलेली जुडगी तुलूझला विमानात बसविताना आखूड पडू लागली. २००६ मध्ये विमानांच्या सुपूर्तीस लागोपाठ विलंब जाहीर करावा लागला आणि कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. येथे दोन्ही कारखाने एकाच कंपनीचे व शेजारच्याच देशांतील होते हे विसरता कामा नये. म्हणजे नकाशावरील जवळीक पुरेशी नसते. आराखडा, मापे व कामाची रीतही एक असावी लागते.

बोइंग ७८७ च्या बाबतीत काम जगभर वाटले गेले. पंख जपानमधून, सांगाड्याचे मोठे भाग इटलीतून व अमेरिकेच्या इतर राज्यांतून यावयाचे होते. पहिले विमान २००८ मध्ये द्यावयाचे ठरले होते, ते प्रत्यक्षात सप्टेंबर २०११ मध्ये दिले गेले. मध्यंतरी एका पुरवठादाराचा कारखानाच बोइंगला विकत घ्यावा लागला. गमतीची गोष्ट अशी की, याच कंपनीतील हार्ट-स्मिथ नावाच्या अभियंत्याने २००१ मध्येच एका निबंधात इशारा दिला होता की, काम बाहेर दिले की त्याबरोबर नफाही बाहेर जातो, आणि न जुळणाऱ्या भागांचा खर्च मात्र शेवटच्या जुळणीत मूळ कंपनीच्याच माथी बसतो.

तरीही प्रत्येक दोष परदेशाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत एका ७३७ मॅक्स विमानाच्या सांगाड्यातील दाराच्या जागेचे झाकण आकाशात निखळले. ते झाकण मलेशियात तयार झाले होते. पण चौकशीत आढळले की झाकण तेथे नीटच झाले होते. ते जागी धरून ठेवणारे बोल्ट अमेरिकेतील शेवटच्या जुळणीच्या कारखान्यात पुन्हा बसविलेच गेले नव्हते.

प्रमाणपत्रांचा अडसर

विमानाचा भाग मापात बरोबर असून भागत नाही. तो कोणी, कोणत्या धातूपासून, कोणत्या भट्टीत किती अंश तापमानावर तयार केला, याची लेखी नोंद त्याच्याबरोबर असावी लागते. त्यासाठी कारखान्याला एएस-९१०० ही गुणवत्ता मानके पाळावी लागतात. उष्णोपचार, मुलामा, वेल्डिंग, सूक्ष्म भेगांची तपासणी अशा विशेष प्रक्रियांसाठी तर स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. मेक्सिकोतील अनेक कारखान्यांना दीर्घ काळ येथेच अडचण आली. भाग मेक्सिकोत कातून काढायचा, मुलाम्यासाठी अमेरिकेत पाठवायचा आणि जुळणीसाठी पुन्हा मेक्सिकोत आणायचा, असा उलटसुलट प्रवास घडे. त्यात वाचलेल्या मजुरीचा मोठा हिस्सा रस्त्यातच संपे.

सरकारी पातळीवरही पाया घालावा लागला. मेक्सिको व अमेरिका यांच्यातील विमान सुरक्षाविषयक द्विपक्षीय करार २००७ मध्ये झाला. त्यामुळे मेक्सिकोतील तपासणीला अमेरिकेत मान्यता मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१२ मध्ये मेक्सिको संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत सामील झाला. त्यापूर्वी नागरी व लष्करी अशा दोन्ही उपयोगांच्या तंत्रज्ञानाबाबत परदेशी कंपन्या साशंक असत. निव्वळ लष्करी भागांवर अमेरिकी कायद्याची बंधने मात्र आजही कडक आहेत. पहिल्यांदा कारखाने आले की करार, याचा काळ पाहिला तर दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्याचे दिसते.

यजमान देशाच्या पदरी काय पडले

लाभाचा विचार केवळ कंपनीच्या बाजूने करून चालणार नाही. बंबार्डिएने २००७ मध्ये लीअरजेट ८५ या नव्या विमानाची घोषणा केली. त्याचा बहुतांश सांगाडा कार्बन तंतूंच्या संमिश्राचा असणार होता आणि त्याचे मोठे भाग केरेतारोत तयार व्हावयाचे होते. शेवटची जुळणी अमेरिकेतील विचिटा येथे. केरेतारोच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. विमानाने एप्रिल २०१४ मध्ये पहिले उड्डाण केले. परंतु बाजारातील मागणी घटल्याने जानेवारी २०१५ मध्ये काम थांबविण्यात आले. केरेतारो व विचिटा मिळून सुमारे १,००० कामगार कमी करण्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबरमध्ये ती योजना कायमची रद्द झाली. विमान कोठे, किती व केव्हा तयार करायचे याचा निर्णय माँट्रियलमध्ये होतो, केरेतारोत नव्हे. २०२१ मध्ये ज्या तारांच्या जुडग्यांपासून या कारखान्याची सुरुवात झाली, ते कामही लातेकोएर या फ्रेंच कंपनीस विकले गेले. फळी तीच, कामगार बहुतेक तेच. मालकाचे नाव तेवढे बदलले.

दुसरा प्रश्न स्थानिक वाट्याचा. मेक्सिकोतून निर्यात होणाऱ्या विमानभागांमध्ये धातू, कार्बन तंतू, जोडभाग असा बराचसा माल आयात केलेला असतो. त्यामुळे निर्यातीचा आकडा मोठा दिसला तरी त्यातील देशात उरणारा भाग लहान असतो. स्थानिक छोट्या कारखान्याला विमान उद्योगात शिरणे कठीण जाते. मान्यतेचा खर्च आधी करावा लागतो व मागणी मिळण्यास वर्षे लागतात. दळणावळीची उपमा येथे अजून लागू पडते. याला अपवाद अभियांत्रिकीचा. जनरल इलेक्ट्रिकच्या केरेतारो केंद्रात मेक्सिकन अभियंते जीईएनएक्ससारख्या इंजिनांच्या रचनेवर काम करतात. या कामात आयात सामान जवळजवळ नसते आणि ज्ञान माणसांबरोबर देशात राहते.

तिसरा प्रश्न मजुरीचा. मेक्सिकोतील किमान वेतन २०१८ मध्ये दिवसाला ८८.३६ पेसो होते. २०२५ मध्ये ते २७८.८० पेसो झाले, म्हणजे सात वर्षांत तिपटीहून अधिक. विमान कारखान्यांतील वेतन किमान वेतनापेक्षा बरेच जास्त असते हे खरे, पण खालचा दर वर सरकला की वरच्या दरावरही त्याचा ताण येतो. पेसोचा भावही २०२१ च्या अखेरीस डॉलरला सुमारे २० होता, तो २०२३ च्या मध्यास १७ च्या आसपास आला. २०१९ च्या सुधारणेने कामगारांना गुप्त मतदानाने आपली संघटना व वेतनकरार निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि नव्या त्रिपक्षीय कराराने त्यास आंतरराष्ट्रीय बळ दिले. वरील कल्पित उदाहरणात शेजारच्या देशातील मजुरी दुप्पट केली, तर यंत्रावरील भागाची बचत १४ वरून ६ टक्क्यांवर येते, जुडग्याची २९ वरून १३ टक्क्यांवर. मजुरी वाढणे ही त्या देशाच्या दृष्टीने इष्टच गोष्ट आहे. विकास याचसाठी करावयाचा असतो. पण केवळ मजुरीवर उभा असलेला कारखाना अशा वेळी दुसरीकडे पाहू लागतो. ज्याचे प्रशिक्षण, मान्यता व साखळी एकाच जागी रुजली आहे, तो तितक्या सहजी उठत नाही.

आणि सीमा ही शेवटी सीमाच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के शुल्क लादले. दोनच दिवसांनी त्रिपक्षीय कराराच्या अटी पाळणाऱ्या मालाला त्यातून सूट देण्यात आली. ते दोन दिवस कारखानदारांनी कसे काढले असतील याची कल्पना करता येते. ज्या कारखान्यांनी मालाच्या मूळ देशाची कागदपत्रे कधी काटेकोर ठेवली नव्हती, त्यांना ती ठेवण्याची निकड त्या आठवड्यात पटली.

मोरोक्को आणि नागपूर

युरोपच्या बाबतीत मेक्सिकोची भूमिका मोरोक्कोने पत्करली आहे. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी अवघी १४ किलोमीटर आहे. कासाब्लांका येथे २००१ मध्ये विमानांच्या तारांची जुडगी बांधणारा संयुक्त कारखाना निघाला. २०११ मध्ये विमान उद्योगातील व्यवसायांचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तारांपासून आरंभ आणि पाठोपाठ तंत्रशाळा, हा क्रम येथेही तोच आहे.

महाराष्ट्राचे स्थान या नकाशावर वेगळे आहे. सिॲटल किंवा तुलूझ यांपैकी कोणाचाही महाराष्ट्र शेजारी नाही. त्यामुळे ट्रकने पोहोचणारा माल आणि त्याच दिवशी येणारा अभियंता हा लाभ आपल्याला मिळण्यासारखा नाही. नागपूरच्या मिहान क्षेत्रात टाटा समूहाच्या कारखान्यातून बोइंग ७८७ च्या जमिनीखालील संमिश्र तुळया गेल्या. ही वस्तू वजनाने हलकी, मापाने ठराविक आणि मागणी वर्षानुवर्षे निश्चित अशी आहे. दूरच्या देशाला शोभणारे काम ते हेच. फ्रान्सच्या दासो कंपनीचा भारतीय भागीदारीतील कारखानाही नागपुरात आहे. फाल्कन जेटच्या भागांपासून तेथे सुरुवात झाली, आणि जून २०२५ मध्ये फाल्कन २००० या विमानाची संपूर्ण जुळणी तेथे करण्याचे जाहीर झाले.

ओझरचा वारसा त्याहून जुना आहे. नाशिकजवळच्या या कारखान्यात १९६४ पासून मिग विमानांचे व पुढे सुखोई-३० चे काम झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१ए ने तेथून पहिले उड्डाण केले. ओझरच्या पंचक्रोशीत यंत्रकाम, पत्राकाम व जिग-फिक्श्चर करणारे जे लहान कारखानदार या काळात घडले, त्यांना लष्करी मानकांची सवय आहे. नागरी विमानांच्या मागणीसाठी त्यांना एएस-९१०० आणि विशेष प्रक्रियांच्या मान्यता घ्याव्या लागतील. एकेका छोट्या कारखान्याला मुलाम्याची किंवा उष्णोपचाराची मान्यताप्राप्त शाखा परवडत नाही. औद्योगिक वसाहतीत अशी एक सामायिक शाखा उभी राहिली, तर केरेतारोच्या कारखान्यांना वर्षानुवर्षे करावा लागलेला सीमेपलीकडचा हेलपाटा येथील भागांच्या नशिबी येणार नाही.